अद्ल आणि रहम : अल्लाहच्या गुणांचा मेळ

अल्लाहची नव्याण्णव नावे आपल्यापैकी बहुतेकांकडून लहानपणीच पाठ करून घेतली जातात. नव्याण्णव नावांचा उल्लेख सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आज जी यादी घरोघरी भिंतीवर टांगलेली दिसते ती तिर्मिझींच्या संग्रहातून आलेली आहे. ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. 'अल्-मुन्तकिम' म्हणजे अपराधाचा बदला घेणारा आणि 'अल्-अफुव्व' म्हणजे माफ करणारा, ही दोन नावे लागोपाठ येतात. 'अल्-कादिर' म्हणजे सर्वशक्तिमान आहे, 'अल्-अलीम' म्हणजे सर्वज्ञ आहे, 'अल्-अद्ल' म्हणजे न्याय आहे आणि 'अर्-रहमान' व 'अर्-रहीम' तर सर्वांच्या आधी आहेत. कुरआनच्या ११४ सूरहंपैकी ११३ सूरहंचा आरंभ याच दोन नावांनी होतो.

हे सर्व गुण एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि पूर्णत्वाने असू शकतात का, असा प्रश्न विचारणे म्हणजे ईमान डळमळीत झाल्याचे लक्षण आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात या प्रश्नाचा आपल्याच परंपरेत बाराशे-तेराशे वर्षे कसून विचार झाला आहे. 'इल्मे कलाम' नावाचे जे शास्त्र मुसलमानांनी उभे केले, त्याचा मोठा भाग याच प्रश्नाला वाहिलेला आहे. प्रश्न विचारणारे बाहेरचे नव्हते. ते पाच वक्त नमाज पढणारे, कुरआन मुखोद्गत असणारे लोक होते. त्यामुळे हा विषय मराठीतून मांडताना संकोच करण्याचे कारण नाही, असे मला वाटते.

सामर्थ्य म्हणजे काय?

नववीच्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, अल्लाह इतका जड दगड बनवू शकतो का, की जो त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही?" बाकीची मुले 'तौबा तौबा' म्हणतात आणि माझ्याकडे पाहत राहतात. होय म्हटले तरी सामर्थ्याला मर्यादा येते, नाही म्हटले तरी येते. मुलाला हे कोडे सुचते ते खोडसाळपणाने, पण कोडे खरे आहे.

या कोड्याचे एक भारदस्त रूप आपल्याच देशात एकोणिसाव्या शतकात गाजले. शाह इस्माईल देहलवी (१७७९–१८३१) आणि मौलाना फजले हक खैराबादी (१७९७–१८६१) यांच्यात 'इम्काने नजीर' या विषयावर वाद झाला. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्यासारखी दुसरी व्यक्ती निर्माण करणे अल्लाहच्या सामर्थ्यात आहे की नाही, हा तो वाद. शाह इस्माईल यांचा भर अल्लाहच्या अमर्याद सामर्थ्यावर होता. त्याने मनात आणले तर काय अशक्य आहे? मौलाना फजले हक तर्कशास्त्राचे पंडित होते. त्यांचे म्हणणे असे, की पैगंबर (स.) हे 'खातम' म्हणजे शेवटचे आहेत. 'दुसरा शेवटचा' ही कल्पनाच स्वतःला खोडून काढते. जी गोष्ट मुळात संभवतच नाही ती 'करता येत नाही' म्हटल्याने सामर्थ्य उणे होत नाही.

या वादात मिर्झा गालिबलाही ओढले गेले. मौलाना हालींनी १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'यादगारे गालिब'मध्ये ही हकीकत दिली आहे. मौलाना फजले हक यांनी गालिबला या विषयावर फारसी मसनवी लिहायला लावली. गालिबने मसनवीत मध्यम मार्ग काढला. या जगात दुसरा खातम होणार नाही, पण अल्लाह अनेक जगे निर्माण करू शकतो आणि प्रत्येक जगाला त्याचा त्याचा खातम असू शकतो. कवीला ही तोड सुचली, पण मौलानांना ती पटली नाही आणि गालिबला पुढे आणखी ओळी जोडून सारवासारव करावी लागली. मौलानांना १८५७ च्या उठावानंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८६१ साली अंदमानात त्यांचा अंत झाला. शाह इस्माईल १८३१ साली बालाकोटच्या लढाईत मारले गेले. तर्काच्या या बारीक प्रश्नावर झगडणारी ही माणसे निवांत बसून शब्दांचे खेळ करणारी नव्हती, एवढे यावरून दिसते.

त्यांच्या पुढच्या अनुयायांनी या वादाचे फिरक्यांच्या भांडणात रूपांतर केले, त्यात शिरण्याचे कारण नाही. निखळ तर्कापुरते पाहिले तर अशअरी आणि मातुरिदी या दोन्ही सुन्नी विचारपरंपरांचा निर्वाळा स्पष्ट आहे. कुदरत म्हणजे सामर्थ्य हे जे शक्य आहे त्याच्याशी निगडित असते. चौकोनी वर्तुळ, विवाहित ब्रह्मचारी, सर्वशक्तिमानाला न उचलणारा दगड, ही कामे नव्हेतच. नुसते शब्द शेजारी ठेवले की काम तयार होत नाही. त्या मुलाला मी एवढेच सांगतो, की तू प्रश्नचिन्ह लावलेस, पण त्याच्या आधी प्रश्न नाही. हुशार मुलांना हे पटते.

ज्ञान आणि जबाबदारी

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. अल्लाहला मी उद्या काय करणार हे आजच ठाऊक असेल, तर उद्या मी वेगळे काही करू शकतो का? करू शकत नसेन, तर मला शिक्षा देणे हा न्याय कसा? म्हणजे येथे 'अलीम' आणि 'अद्ल' ही दोन नावे समोरासमोर उभी राहतात.

या प्रश्नाचा उगम ग्रंथालयात झालेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तो राजकारणात झाला. उमय्या घराण्याची सत्ता आणि तिचे जुलूम ही अल्लाहची तकदीर आहे, असा प्रचार त्या काळी सत्तेला सोयीचा होता. माबद अल्-जुहनी आणि गैलान अद्-दिमिश्की यांनी माणूस आपल्या कृत्याचा स्वतः धनी आहे, जुलूम हा जालिमचा असतो, अल्लाहचा नव्हे, असे सांगितले. दोघांनाही उमय्या काळात मृत्युदंड मिळाला. पुढे बसरा येथे वासिल बिन अता (मृत्यू ७४८) यांच्यापासून मुअतझिला पंथ सुरू झाला. हे लोक स्वतःला 'अद्ल आणि तौहीदचे लोक' म्हणवत. न्याय हा शब्द त्यांनी तौहीदच्या बरोबरीने ठेवला, ही मोठी गोष्ट आहे. पण याच मुअतझिलांच्या विचाराला राजाश्रय मिळाला तेव्हा खलिफा मामूनने ८३३ साली 'मिहना' म्हणजे मतांची तपासणी सुरू केली. कुरआन निर्मित की अनादि, म्हणजे अल्लाहचा 'कलाम' हा गुण कसा मानायचा, या मुद्द्यावर इमाम अहमद बिन हंबल यांना तुरुंग आणि फटके सोसावे लागले. अक्कल आणि न्याय यांचे नाव घेणाऱ्यांच्या हातूनही जुलूम झाला, हे विसरता कामा नये.

ज्ञानाच्या प्रश्नाला एक उत्तर शिक्षकाला लगेच सुचते. कोणता विद्यार्थी नापास होईल हे मला पुष्कळदा सहामाहीतच कळते. पण माझ्या कळण्यामुळे तो नापास होत नाही. तो अभ्यास न केल्यामुळे नापास होतो. ज्ञान हे घटनेच्या मागे चालते, घटना ज्ञानाच्या मागे चालत नाही. हे उत्तर चांगले आहे, पण पुरते नाही. कारण विद्यार्थी मी निर्माण केलेला नसतो. त्याची बुद्धी, त्याचे घर, त्याच्या बापाची दारू किंवा मजुरी मी ठरवलेली नसते. अल्लाहच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. म्हणून अशअरींनी 'कसब'ची कल्पना मांडली. कृती अल्लाह निर्माण करतो, माणूस ती कमावतो. समरकंदच्या इमाम मातुरिदींनी (मृत्यू ९४४) माणसाच्या निवडीला अधिक खरे स्थान दिले. आपल्याकडे कोकणातील शाफई मंडळी परंपरेने अशअरी आणि दख्खनमधील हनफी मंडळी मातुरिदी. ही नावे ठाऊक नसली तरी आपण सगळे या दोन सावल्यांत वाढलेले आहोत.

या बाबतीत मला एक जुना प्रसंग सर्व चर्चांपेक्षा मोलाचा वाटतो. हिजरी १८ च्या सुमारास सीरियात अमवासची साथ पसरली होती. हजरत उमर (रजि.) तिकडे निघाले होते, पण वाटेत बातमी कळताच सल्लामसलत करून ते परतले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण तिच्या एका तकदीरीकडून तिच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. उंटाला ओसाड उतारावर चारा किंवा हिरव्या उतारावर, दोन्ही तकदीरच. म्हणजे तकदीर मानणे आणि निवड करणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. २०२० साली करोनामुळे मशिदी बंद झाल्या तेव्हा अनेकांनी याच प्रसंगाचा आधार घेतला आणि तो योग्यच होता.

न्याय आणि दया

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. न्याय म्हणजे ज्याला जे देय आहे ते तंतोतंत देणे. दया म्हणजे देय शिक्षेपेक्षा कमी देणे. जो पूर्ण न्यायी आहे तो एक कणही सोडणार नाही आणि जो पूर्ण दयाळू आहे तो सगळेच सोडून देईल. मग एकच 'जात' दोन्ही कशी?

वर्गातले उदाहरण घेतो. परीक्षेत एकाने शेजाऱ्याचे पाहून लिहिले. मुलगा गरीब आहे, घरी आई आजारी आहे. मी त्याला सोडून दिले तर ती दया झाली. पण ज्याने रात्र जागून अभ्यास केला आणि ज्याचा नंबर या मुलामुळे खाली गेला त्याच्यावर काय झाले? एकावरची दया दुसऱ्यावरचा जुलूम ठरली. आता दुसरे उदाहरण. त्याच मुलाने माझी वही फाडली आणि मी त्याला माफ केले. येथे कोणावरही अन्याय झाला नाही. वही माझी होती. आपले येणे सोडून देणारा सावकार अन्यायी ठरत नाही. दुसऱ्याचे येणे परस्पर सोडून देणारा न्यायाधीश मात्र अन्यायी ठरतो.

इस्लामी फिक्हने हा फरक फार पूर्वी ओळखला आणि त्याला नावे दिली. 'हुकूकुल्लाह' म्हणजे अल्लाहचे हक्क आणि 'हुकूकुल इबाद' म्हणजे माणसांचे हक्क. नमाज, रोजा यांतली कसूर हा पहिल्या प्रकारचा अपराध. तो माफ करणे अल्लाहच्या अखत्यारीत आहे, कारण येणे त्याचे आहे. पण एखाद्याची जमीन बळकावली, मजुरी बुडवली, अब्रू घेतली, तर ते येणे त्या माणसाचे आहे. उलेमांचे सर्वसाधारण मत असे, की ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याखेरीज अशा गुन्ह्यातून सुटका नाही. अल्लाह आपल्या खजिन्यातून त्या माणसाला देऊन त्याला राजी करू शकतो, पण त्याला वगळून पुढे जात नाही.

सहीह मुस्लिममध्ये 'मुफलिस'ची म्हणजे दिवाळखोराची हदीस आहे. तिचा आशय असा, की खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळे घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल. त्याची पुण्ये एकेका मजलूमला वाटली जातील आणि पुण्ये संपली की त्यांची पापे याच्या माथी येतील. या हदीसमध्ये न्याय आणि दया यांचा मेळ जसा बसतो तसा मी इतरत्र पाहिलेला नाही. अल्लाहची दया अपार आहे, पण ती दुसऱ्याच्या खिशातून खर्च होत नाही.

हे नुसते तत्त्वज्ञान नव्हे. आपल्या समाजात बाप वारला की सातबारावर वारसांची नोंद होते आणि थोड्याच दिवसांत बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. कुरआनने बहिणीचा हिस्सा नेमून दिला आहे. ती 'खुशीने' सोडते असे आपण म्हणतो. माहेर तुटू नये म्हणून केलेली सही खुशीची असते का, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावे. त्याच जमिनीच्या पैशातून भाऊ हजला जातो आणि अल्लाह गफूरुर्रहीम आहे या भरवशावर निर्धास्त राहतो. मेहरची रक्कम निकाहनाम्यावर लिहिली जाते आणि पुष्कळदा नवऱ्याच्या जनाज्याजवळ बायकोकडून माफ करवून घेतली जाते. गफूरुर्रहीम हे नाव खरे आहे, पण त्याच यादीत 'अल्-अद्ल' हेही नाव आहे. एक नाव घेऊन दुसरे दडपणारा माणूस अल्लाहला मानत नसून आपल्या सोयीला मानतो.

तीन भावांची गोष्ट

येथवर मेळ बसतो. पण एक प्रश्न राहतो आणि तो टाळता येत नाही. ज्याने काहीच केलेले नाही त्याच्या दुःखाचे काय?

इमाम अबुल हसन अशअरी (मृत्यू ९३५ च्या सुमारास) हे आधी मुअतझिली होते. त्यांनी आपले गुरू अल्-जुब्बाई यांना विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. तीन भाऊ होते. एक नेक, एक काफिर आणि एक बालपणीच मेला. जुब्बाई म्हणाले, पहिला जन्नतमध्ये, दुसरा दोजखमध्ये, तिसरा सुरक्षित. तिसऱ्याने तक्रार केली, की मला जगू दिले असते तर मीही जन्नतचा वरचा दर्जा मिळवला असता, तर? अल्लाह सांगेल, की तू मोठा होऊन बिघडला असतास, म्हणून तुला लवकर उचलले, ते तुझ्या हिताचे होते. मग दुसरा ओरडेल, की मलाही बालपणीच का उचलले नाहीस? जुब्बाईंकडे उत्तर नव्हते. ही भेट प्रत्यक्ष झाली की कथा नंतर रचली गेली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रश्नाचे वजन त्यामुळे कमी होत नाही.

अशअरींनी निष्कर्ष काढला, की अल्लाहच्या कृतीला आपल्या न्यायाच्या तराजूत तोलू नये. तो करतो तेच न्याय्य. या भूमिकेत नम्रता आहे, पण धोकाही आहे. 'तो करतो तेच न्याय्य' असे म्हटले, की 'तो न्यायी आहे' या वाक्यात स्तुती उरत नाही. न्याय या शब्दाला आपल्या अनुभवाशी काहीच नाते नसेल, तर तो शब्द उच्चारून आपण नेमके काय म्हणतो? उलट मुअतझिलांनी 'इवज' म्हणजे भरपाईची कल्पना मांडली. बालके आणि जनावरेही येथे सोसलेल्या वेदनेची भरपाई परलोकात मिळवतील. हा विचार करुणेचा आहे, पण भरपाईने वेदना का झाली हे कळत नाही. मला कोणी मारले आणि नंतर पैसे दिले तर हिशेब मिटेल, मारण्याचे कारण मिळणार नाही.

मातुरिदींनी 'हिकमत' या गुणाकडे बोट दाखवले. चांगले-वाईट ओळखण्याची शक्ती अकलेत आहे, म्हणून न्याय हा शब्द पोकळ नाही. पण अल्लाहच्या कृतीमागचे शहाणपण सगळे आपल्या नजरेत मावेल असे नाही. माझे मत या बाजूला झुकते. निष्पापाचे दुःख आणि अल्लाहचे गुण यांत विरोध आहे हे सिद्ध करायचे तर 'या दुःखामागे कोणतेही पुरेसे कारण असूच शकत नाही' हे सिद्ध करावे लागेल, आणि ते कोणाला करता आलेले नाही. मात्र कारण असू शकते एवढ्याने ते कारण माझ्या हाती आले असे होत नाही. तर्काने दार बंद केलेले नाही, पण उघडूनही दिलेले नाही.

यातून एक कर्तव्य निघते. कारण मला ठाऊक नाही, तर ते ठाऊक असल्यासारखे बोलण्याचा मला अधिकार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर कोणीतरी उभे राहून सांगते, की हा त्या लोकांच्या पापांचा अजाब होता. ढिगाऱ्याखाली झोपेत गेलेल्या तान्ह्या मुलाचे पाप कोणते, हे मात्र सांगत नाही. ज्याला अल्लाहचा वकील होण्याची घाई आहे, तो नकळत त्याच्या अद्ल या नावाविरुद्ध साक्ष देतो. शोकाकुल आईजवळ बसावे, पाणी द्यावे, दुआ करावी. तिला कारण सांगू नये. तिने अल्लाहकडे तक्रार केली तर तिला गप्पही करू नये. इक्बालांचा 'शिकवा' आठवावा. तक्रार त्याच्याकडेच केली जाते, ज्याच्याकडून न्यायाची आशा असते.

नावे आणि आपला वाटा

इमाम गझालींनी (१०५८–११११) नव्याण्णव नावांवर 'अल्-मकसद अल्-अस्ना' हा ग्रंथ लिहिला. त्यात प्रत्येक नावाचा अर्थ सांगून ते पुढे सांगतात, की या नावात बंद्याचा वाटा काय. रहमान आणि रहीम या नावांतून बंद्याने गाफिलांवर आणि गरजवंतांवर दया करायला शिकावे, अद्ल या नावातून आधी स्वतःच्या रागावर आणि वासनेवर न्यायाने राज्य करावे. गुणांचा मेळ कसा बसतो हे अल्लाहच्या 'जात'मध्ये शोधता शोधता आपली अक्कल थकते. पण तोच मेळ आपल्या वागण्यात घालणे आपल्याला शक्य आहे आणि त्याचा जाबही आपल्यालाच द्यायचा आहे.

त्यासाठी वरच्या चर्चेतून मला तीन गोष्टी हाती लागल्यासारख्या वाटतात. आपले येणे असेल तेथे सढळ हाताने सोडावे. दुसऱ्याचे येणे असेल तेथे एक पैसाही परस्पर सोडू नये. आणि ज्या दुःखाचे कारण कळत नाही तेथे तोंड बंद आणि हात मोकळे ठेवावेत. ज्याने बहिणीचा हिस्सा बिनबोभाट तिच्या हातात ठेवला आणि आपल्याला दुखावणाऱ्या भावाला ईदच्या दिवशी गळाभेट दिली, त्याने कलामचे एकही पुस्तक वाचले नसेल. तरी अद्ल आणि रहम एकत्र कसे नांदतात हे त्याला समजले आहे, असे मी म्हणेन.